आमच्या गाईला रोग नाही, कुसळ होते

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
पशुरोग नियंत्रण कार्यालय.

विषय : लाळ्या-खुरकुताची मीच दिलेली सूचना मागे घेऊन जनावरांची ने-आण खुली करण्याबाबत.
संदर्भ : माझे दिनांक ४ चे पत्र (पाने तीन, एक पुरले असते).

महोदय,

१. आमच्या गाईच्या तोंडातून लाळ गळते, तिने चारा सोडला असून तिची चाल मंदावली आहे, असे मी वरील पत्राने आपणास कळवले होते. त्यावरून आपण दुसऱ्याच दिवशी आमच्या वस्तीतील जनावरांना एकवीस दिवस कालवा ओलांडण्यास मनाई केली. पत्र पाहता आपला निर्णय योग्यच होता. पत्र चुकीचे होते.

२. गाईची चाल जन्मापासूनच मंद आहे. हे मला ठाऊक होते. परंतु दोन लक्षणांवर वाक्य अपुरे वाटले. "खुरांत वेदना दाटून आल्यासारखी ती उभी असते" हेही माझेच. खूर मी उचलून पाहिला नव्हता. तोंड उघडून पाहण्यासाठी शेजारच्या काकांना हाक मारायला हवी होती. त्यांच्या कुंपणापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. हाक मारण्यापेक्षा आपणास तीन पाने लिहिणे मला सोपे गेले.

३. मनाईची नोटीस लागल्यावर काका स्वतःच आले. त्यांनी गाईची जीभ एका हाताने बाजूला धरली आणि तिच्याखाली रुतलेली कुसळी गवताची सात टोकदार कुसळे एकेक करून काढली. मग खूर पाहिले, स्वच्छ होते. "एवढा कागद काळा केलास, त्यापेक्षा तिचा जबडा उघडला असतास तर?" असे ते म्हणाले. गाय दोन दिवसांत पूर्ववत खाऊ लागली. ताप नाही, लाळ नाही.

४. सदर गवताबाबतही खुलासा करणे भाग आहे. ते आमच्याच बांधावरचे. तुरे येण्यापूर्वी कापून टाक, असे वडिलांनी तीनदा बजावले होते. मी विळा घेऊन गेलोही होतो. परंतु उतरत्या उन्हात ते तुरे असे काही हलत होते, की दूर निघून गेलेले कोणी अजून हात हलवत आहे असे वाटावे. आणि विळा मांडीवर ठेवून मी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. आज त्या तणाचे बी आमच्या अर्ध्या शेतात आणि वाऱ्याने काकांच्याही शेतात पडले आहे. पिकाचे उत्पन्न घटवणारी तणे व जनावरांचे रोग हे दोन वेगळे धोके आहेत, असे आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरील तक्त्यात छापले आहे. तक्त्यात तिसरा रकाना काढून तेथे मला घालावे, असे वडिलांचे म्हणणे आहे.

५. खरी अडचण पुढेच आहे. काकांच्या जोडीतला एक बैल नोटिशीच्या आदल्या दिवशी कालव्यापलीकडे, त्यांच्या थोरल्या लेकीच्या शेतावर कामाला गेला होता. तो तिकडेच अडकला. दुसरा इकडे. रोज सकाळी दोघे दोन काठांवर येऊन उभे राहतात. पलीकडचा हंबरतो, अलीकडचा कान टवकारतो. एका बैलाने औत चालत नाही, म्हणून काकांची पेरणी थांबली आहे. जमिनीतली ओल आणखी पाच-सहा दिवस टिकेल आणि मनाईचे तेरा दिवस बाकी आहेत. ओल गेली की यंदाचे पीक गेले. औताच्या दुसऱ्या बाजूला मी स्वतःला जुंपून घेतो, असे मी त्यांना सुचवले. "तुला घशातून शब्द ओढता येईना, तू औत काय ओढणार!" असे म्हणून ते हसले. मग हसायचे थांबून शेताकडे पाहत राहिले. त्यांचे ते पाहणे मला सोसवले नाही; म्हणून हा अर्ज.

६. सूचना मागे घ्यावयाची तर आपल्या तपासणीनंतर ती देणाऱ्याला दूध केंद्रावर सर्व पशुपालकांसमोर उभे राहून स्वतःची चूक तोंडी सांगावी लागते, असे आपल्या कार्यालयातील लिपिकांकडून समजले. या अर्जाच्या पहिल्या खर्ड्यात मी तेवढ्यापुरती सूट मागितली होती. कारण : प्रकृती. माझ्या थरथरत्या गुडघ्यांचे वर्णन त्यात फार चांगले साधले होते. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

७. तरी कृपा करून उद्या अथवा परवा येऊन गाय तपासावी, ही विनंती. मी केंद्रावर हजर राहीन. माझा आवाज मागे उभ्या असलेल्यांपर्यंत पोहोचेलच याची हमी देता येत नाही. न पोहोचल्यास पुन्हा सांगेन, आणि ऐकू येईपर्यंत सांगत राहीन.

आपला नम्र, आणि स्वतःच्याच पत्राविरुद्धचा तक्रारदार,

(सही)
दिनांक १२

सोबत :
१) सात कुसळे, आगपेटीत. उघडताना बोटे जपावीत.
२) दिनांक ४ च्या पत्राची प्रत. दुसरे पान वाचले नाही तरी चालेल.
३) वस्तीतील पशुपालकांच्या सह्या. काकांची जागा कोरी आहे. "आधी चारचौघांत तोंड उघड, मग करतो सही," असे ते म्हणाले आहेत.