आपला विश्वासू

साकीनाका, मुंबई
बुधवार, ५ फेब्रुवारी १९८६

प्रिय धाकू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. शकुवहिनी आणि मुली मजेत असतील. चौदा वर्षं एका क्लबात काढली, रोज संध्याकाळी मैदानावर भेटलो, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. असोसिएशनला मात्र क्लबचा चिटणीस म्हणून शेकड्याने लिहिली. त्याच सवयीने वर जावक क्रमांक टाकला होता, तो खोडलाय. हसू नकोस.

तर रविवारी फायनल. कामगार चषकासाठी देशभरातून सोळा क्लब आले आणि शेवटी उरले कोण, तर साकीनाका वर्कशॉप एकादश आणि चेंबूर फ्रेंड्स! कुर्ल्याला बस बदलली की एकमेकांच्या दारात. एवढा मोठा देश पालथा घालून कप इथल्या इथेच राहणार.

आपला क्लब कसा पोचला ते ऐक. (आमचा म्हणायला हवं. सवय जात नाही.) पहिल्याच फेरीत कोल्हापूरची टीम. एकेक गडी असा की नंदकुमार त्यांच्या स्टॉपरवर आपटला आणि उठून पंचालाच सॉरी म्हणाला. तरी दोन-एकने काढली. मग गोवेकर. त्यांनी तासभर आम्हाला नुसतं पळवलं, बॉल पायाला लागू दिला नाही. शेवटच्या मिनिटाला गुणाजीचा कॉर्नर वाऱ्याने वळला आणि सरळ आत गेला. गुणाजी म्हणतो, मुद्दाम मारला. सेमीफायनलला कलकत्त्याच्या ज्यूट कामगारांशी दोनदा बरोबरी झाली, तिसऱ्यांदा जिंकलो. लेफ्ट हाफला आता शिवदास असतो. चांगला आहे, पण डाव्या पायाने मारताना एकदा खाली बघतो. तू कधी बघायचा नाहीस.

तुमच्या चेंबूरवाल्यांचंही कौतुक केलं पाहिजे. हैदराबादवाल्यांविरुद्ध तुमचे दहाच गडी राहिले, तरी जिंकलात. केरळच्या टीमने तुमच्या गोलकीपरचा खांदा निखळवला, तेव्हा सेंटर फॉरवर्डने ग्लोव्हज घातले. आणि सेमीफायनलला तुमच्या कॅप्टनची लेस सुटली, तो बसून बांधत होता, उठतो तोच बॉल त्याच्या पायात आणि तिथूनच गोल.

हे लेसचं पेपरात आलं नव्हतं. पेपरात चारच ओळी होत्या.

मी तिथे होतो, धाकू. तुमच्या तिन्ही मॅचना होतो. स्कोअरबोर्डच्या बाजूला, टोपी पुढे ओढून. कारखान्यात दर वेळी दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली. तिसऱ्यांदा शेठ म्हणाला, "यार दत्ता, सगळे दात एकदाच काढून टाक ना!"

हाफटाईमला तू लिंबाच्या फोडी वाटत होतास. मुंबईतला सगळ्यात चांगला लेफ्ट हाफ, स्टीलचा डबा घेऊन एकेकापुढे वाकत होता. आणि तुझे बूट खांद्यावर, लेसची गाठ मारून. पॉलिश केलेले होते, ते मला लांबूनही दिसलं. खेळायला मिळणार नाही हे ठाऊक असताना माणूस बूट पॉलिश करून का आणतो रे? मला तिथे उभं राहवेना. बाहेर जाऊन उसाचा रस घेतला, अर्धा तसाच ठेवला.

तुझा रिलीजचा कागद असोसिएशनने हरवलेला नाही. तो माझ्याकडे आहे.

जुन्या क्लबने मोकळं केल्याचा कागद पोचल्याशिवाय नव्या क्लबातून मैदानात उतरता येत नाही, हे तुला मी काय सांगू. पूर्ण सीझन तेच भोगतोयस. जूनमध्ये खोली मिळाली म्हणून तू चेंबूरला गेलास, ते ठीक. पण क्लबही सोडतोयस हे मला टपरीवर चहा पिताना गुणाजीकडून कळलं. चौदा वर्षांनी, गुणाजीकडून! तू फॉर्म घेऊन आलास तेव्हा मी हसत सही केली, शिक्का मारला आणि म्हणालो, "दे इकडे, उद्या मी स्वतः नेऊन देतो." तू म्हणालास, "तू आसस म्हटल्यार माका काळजी नाय."

घरी येऊन कागद ट्रंकेत ठेवला, तळाच्या वर्तमानपत्राखाली. दोन दिवस चिडून राहायचं, मग द्यायचा, असं खरंच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशीही राग गेला नाही. मग मुदत उलटली, आणि रागाच्या जागी भीती येऊन बसली.

तू विचारायला आलास तेव्हा म्हणालो, "मी दिला रे, त्यांनीच कुठेतरी घातला." तू असोसिएशनमध्ये जाऊन तिथल्या राजाराम क्लार्कला नाही नाही ते बोललास. तो बिचारा आठ दिवस कपाटं उपसत होता. आणि परत येऊन तू माझ्याच पाठीवर हात ठेवलास. म्हणालास, "जाव दे दत्त्या, तुझी काय चूक." त्यापेक्षा कानाखाली मारली असतीस तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या साफसफाईत कागद जानकीला सापडला. तिने एवढंच विचारलं, "हो धाकूभावजींचो कागद मा? मगे हय काय करता?" तिने तो होता तसा परत ठेवला. तेव्हापासून ती मला एकाही मॅचचा स्कोअर विचारत नाही.

आता नीट वाच. फायनलसाठी शुक्रवारी पाच वाजेपर्यंत दोन नावं वाढवता येतात. रिलीजवरची तारीख मुदतीतली हवी, ती आहे, वीस जून. कागद उशिरा पोचला तर त्याचं कारण जुन्या क्लबच्या चिटणिसाने लेखी द्यायचं, असा नियम आहे. ते मी लिहिलंय. पहिल्या मसुद्यात 'नजरचुकीने राहून गेला' होतं, तो फाडला. दुसऱ्यात 'घरगुती अडचणीमुळे', तोही फाडला. तिसऱ्यात लिहिलंय, 'मी रागाने जाणूनबुजून दडवला'. राजारामची माफी त्यातच मागितली आहे. दोन्ही कागद सोबत जोडलेत.

आज संध्याकाळी कमिटीला सांगणार आहे. नंदकुमार अंगावर येईल. कागद दडवला म्हणून नाही, फायनलच्या तोंडावर समोरच्यांना धाकू दिला म्हणून! चिटणीसपद जाणार हे नक्की. शिक्का रुमालात बांधून तयार ठेवलाय.

तुझा गुडघा मला ठाऊक आहे. तुझ्यात हा एकच सीझन उरला होता आणि त्यातल्या सगळ्या मॅच मी खाल्ल्या. एक राहिलीय. ती तरी खेळ. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण खेळ.

टपालाने पाठवत नाही, उद्या जानकी स्वतः घेऊन येतेय. सकाळी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "फायनल किती वाजता आसा?"

मी साकीनाक्याच्याच बाजूला बसेन आणि साकीनाक्याच्याच नावाने ओरडेन. तुझ्या पायात बॉल आल्यावर तोंडातून काय निघेल ते माझ्या हातात नाही.

इतकी वर्षं प्रत्येक पत्राखाली 'आपला विश्वासू' लिहीत आलो. असोसिएशनच्या पत्राखाली आज त्यातला दुसरा शब्द हातून उतरला नाही. तुझ्या पत्राखालीही लिहीत नाही. पहिला तेवढा ठेवतो. नको वाटला तर तूच खोड.

आपला
दत्ताराम