पोरीकडून आलेली बाई

अण्णा, गेल्या रविवारी लातूरला जाऊन मी एका माणसाची चौकशी करून आले. स्थळाची चौकशी, आणि स्थळ माझ्यासाठी. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघाल, म्हणून आधीच सगळं सांगून टाकते. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तुमचे जावई जाऊन नऊ. तुमची नात हैदराबादला नोकरी करते आणि नांदेडच्या घरात मी एकटी असते. शाळेतून आले की कुलूप काढते आणि आधी टीव्ही लावते. बघत काहीच नाही, घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून. एकदा भाजीवालीशी मी अर्धा तास दोडक्यावर बोलत उभी राहिले, तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि नंतर रडू आलं. हे मी फोनवर लेकीला सांगून बसले. ती म्हणाली, "आई, आता बस झालं. मी तुझं नाव घालते."

नाव घालायचं म्हणजे मोबाइलवर. आता स्थळं तिथंच येतात. पण तिथंही बाजार भरलेला असतो, आणि कुठलं दुकान खरं ते कळायला मला दोन महिने लागले. पहिल्या साइटनं माझं नाव विचारायच्या आधी जात विचारली, मग पोटजात. मी तिथूनच माघारी फिरले. दुसऱ्या साइटवर सगळे पुरुष नटासारखे देखणे. त्यातल्या लंडनच्या एका डॉक्टरला दुसऱ्याच दिवशी माझ्याशिवाय करमेना, आणि चौथ्या दिवशी त्यानं मला पाठवलेली भेट विमानतळावर अडकली. सोडवायला पैसे भरा म्हणे. मी कळवलं, राहू द्या, तिथल्याच कुणाला तरी देऊन टाका. लेक हसून हसून बेजार झाली. तिसरी साइट तिनं स्वतः पारखली. तिथं सरकारी ओळखपत्र बघितल्याशिवाय नाव लागत नाही, आपण हो म्हणेपर्यंत आपला नंबर कुणाला कळत नाही. वर लेकीचे स्वतःचे नियम: पत्ता द्यायचा नाही, पैशाचं नाव निघालं की बोलणं बंद, आधी व्हिडिओवर तोंड बघायचं, पहिली भेट चारचौघांत. मी मान डोलावली. मनात म्हटलं, चौकशीत ही तर अण्णांच्याही वरचढ निघाली.

चाकूरचं आपलं घर आठवतं मला. तुम्ही सायकल भिंतीला टेकवता, खाकी थैली खुंटीला अडकवता आणि चुलीपुढं जेवायला बसता, तोच बाहेरून कुणीतरी हाक मारतं. कधी औशाचा माणूस, कधी उदगीरचा. पोरगी द्यायची आहे, अमक्या घरचा पोरगा कसा आहे? पोस्टमन सगळ्यांच्या दारात जातो, त्याला विचारा, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं. तुम्ही हात धुऊन बाहेर जायचात. कुणाच्या पत्रात काय आहे ते तुम्ही जन्मात कधी सांगितलं नाही. दारात उभं राहून जे दिसलं तेवढंच सांगायचात. एकदा म्हणालात, "थोरल्या सुनंच्या माहेरचं पत्र आलं की सासू आधी फोडती. सुनंच्या हातात पत्र गेल्यालं मी बघितलं न्हाई. पोरगी देऊ नका असं म्हणत न्हाई, दिसलं ते सांगितलं."

आणि एका घराबद्दल तुम्ही चांगलं बोललात तेव्हा मला राग आला होता. मी तेव्हा नववीत होते. त्या घरात तुम्हाला पाणी वरून ओतून द्यायचे, तुमची ओंजळ खाली. आई हे घरात बोलली होती. मी म्हटलं, "त्यांचं कशाला चांगलं सांगता? मोडू द्या की!" तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशी चढवलात. "त्यांनी पाणी कसं दिलं ते माझ्यापाशी राहू दे. हा बाप पोराचं विचारायला आलाय. पोरगा चांगला हाय, तर चांगलाच म्हणीन." मी रुसून जेवले नाही. आईनं दोनदा बोलावलं, तुम्ही एकदाही नाही.

माझ्या वेळी तुम्ही नांदेडला आलात आणि दिवसभर तिथल्या पोस्टात त्या भागाच्या पोस्टमनजवळ बसलात. घरी येऊन आईला एवढंच म्हणालात, "पत्र आलं की पोरगा आईला वाचून दाखवतो. तिला वाचता येतंय, तरीबी." तेवढ्यावर माझं लग्न झालं आणि एकोणीस वर्षं मला तुमच्या त्या चौकशीत खोट सापडली नाही.

आता लातूरचं सांगते. तिसऱ्या साइटवर एक गृहस्थ भेटले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मुलगा आणि सून. स्वतःबद्दल लिहायच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'कमी बोलतो. ऐकून मात्र घेतो.' चार महिने आम्ही बोलत होतो. आपल्या गल्लीचं नाव त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. लेक म्हणाली, आता भेट. मी हो म्हटलं आणि तिला न सांगता रविवारी लातूरची बस धरली. बस चाकूरवरून गेली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत बसले.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीवालीला नाव सांगून विचारलं, माणूस कसा आहे? तिनं गिरणी बंद केली. "लई सरळ मानूस, बाई. घरात सून हाय, तरी दळन सोता घेऊन येतेत. येकदा माझ्या हातून गव्हात बाजरी पडली तर म्हनले, चालतंय, तेवढीच चव बदलंल." मग तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "पोरीकडून आलात का?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पोरीचं वय काय?"

"त्रेपन्न."

ती हसली नाही. "मंग जोड बरी हाय," म्हणाली आणि गिरणी सुरू केली.

मी खुशीत परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, आमच्या गल्लीत पोरीकडचं कुनीतरी येऊन गेलं म्हनं." त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. सुनेला गिरणीवर कळलं, सुनेनं मुलाला सांगितलं, आणि मुलगा दोन दिवस बापाशी बोलला नाही. साठीला आलेला माणूस बायको शोधतो, हे त्यांच्या तोंडून निघायच्या आधी अख्ख्या गल्लीच्या तोंडी झालं. ते चिडले नव्हते, तेच मला जास्त लागलं. "मला विचारलं असतं तर मी काय लपवलं असतं का?" एवढंच म्हणाले.

तुमच्या काळी चौकशी झाली की घराची इभ्रत वाढायची. पोराचा बाप वाट बघायचा, कुणी विचारायला येतं का म्हणून. आता माणसं हळूच, दार लोटून, मोबाइलवर विचारतात, कारण दारात त्यांना लाज वाटते. मला स्वतःला वाटत होतीच की. हे मला त्या गिरणीपुढं उभं राहायच्या आधी कळायला पाहिजे होतं. चार महिन्यांत जेमतेम जुळलेलं माणूस मी आता घालवलं, असं वाटलं. मी म्हटलं, "चुकलं माझं. माझे वडील पोस्टमन होते. चौकशीशिवाय पुढं जायचं नाही, ही त्यांचीच सवय लागलीय मला."

त्यांनी विचारलं, "मंग काय म्हनली गिरणीवाली?" मी सगळं सांगितलं. "बाजरीचंबी सांगितलं का?" म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. आता येत्या रविवारी ते नांदेडला येणार आहेत, मुलाला घेऊन. मुलगा म्हणतो, आम्हालाही बाईंच्या गल्लीत विचारू द्या. विचारू दे. भाजीवाली काय सांगेल ते सांगेल.

अण्णा, हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून खरं ते लिहिते. फोनवर सवयीचं कारण तुमच्या नावावर खपवलं, ते खोटं होतं. माझ्यापुरती त्यांची चौकशी लातूरला जायच्या आधीच झालेली होती. चार महिने रोज संध्याकाळी मी त्यांच्या फोनची वाट बघत होते. मला ते आवडले होते, आणि हे बोलायला मला नांदेडात एकही माणूस नव्हतं. लातूरला मी काही विचारायला गेले नव्हते. कुणाच्या तरी पुढं त्यांचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं, बस. रविवारी त्यांना हे सांगावं लागेल. जीभ रेटते का, ते आज तुमच्यापुढं करून बघितलं.