सहा चित्रं, सहा टिकल्या

३ नोव्हेंबर
दिवाळी संपली, आता लाखनीची मंडई. म्हणजे आमची जत्रा: पाळणे, भजी, धूळ आणि रात्री नाटक. यंदा कमिटीला अचानक संस्कृती आठवली. स्थानिक कलाकारांना स्टॉल देणार म्हणे. अध्यक्ष भूपेंद्र. हार्डवेअरचं दुकान, कलेशी संबंध डिस्टेंपरपुरता. फोनवर म्हणाला, मॅडम, तुमच्या सिनऱ्या आना ना. सिनऱ्या! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी हातात ब्रश दिला तो हे ऐकायला?
तरी जाणार. रविवारी शाळेतली रिता नागपूरहून येतेय. नववीत ड्रॉइंगचं माझं बक्षीस हिनेच पळवलं. ती येईल तेव्हा निदान एक चित्र विकलेलं हवं. एक.
संकल्प: भाव कमी करायचा नाही. कुणावर ओरडायचं नाही.

७ नोव्हेंबर
ओरडले. स्टॉल भज्यांच्या कढईला चिकटून. एकाने तेलकट बोट थेट माझ्या तलावात घातलं आणि विचारलं, हे कायचं हाये, बांधी हाये का? भाताचं शेत आणि तलाव यांत फरक न कळणारे लोक. दुसरा फ्रेम वाजवून म्हणाला, काकू, यात आमच्या बाबूजीचा फोटो बसन का?
शेजारी आनंदाबाई. मातीचे पोपट, सगळे एकाच हिरव्या ऑइलपेंटचे. त्यांना गर्दी. मला म्हणते, बाई, तुमी हासून पाहा ना, गिऱ्हाईक भेते तुमाले.
मी स्टॉलवर हसण्यासाठी बसत नाही.

८ नोव्हेंबर, सकाळ
उपाय सापडला. मोठ्या गॅलऱ्यांत विकलेल्या चित्राला लाल ठिपका लावतात. सून हर्षाच्या पाकिटातून टिकल्या घेतल्या. फ्रेम सागवानी, त्यावर दिसेनात, म्हणून चित्रावरच लावल्या. एकच लावणार होते, पण बाकीची पाच बिचारी दिसायला लागली. सहाही चित्रांना लावल्या. तलावाचा रंग अजून ओलसर आहे. असो.
दुसऱ्याने घेतलेलंच लोकांना हवं असतं. आता बघा कशी झुंबड उडते.
हर्षाला सांगितलं, मी नसताना कुणी विचारलं तर सगळी विकली म्हणायचं. तिने विचारलं, आई, मग विकायची कोणती? आजकालच्या मुलींना उलट प्रश्नच येतात.

९ नोव्हेंबर
झुंबड नाही. आनंदाबाईने सगळ्यांदेखत विचारलं, बाई, फोटोले कुकू काहून लावलं? दुपारी दोन बायका तलावापुढे हात जोडून गेल्या. एकीने झेंडू ठेवला. अडाणीपणाला औषध नाही.

१० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
रिताला आणायला बस स्टँडवर गेले. फोन स्टॉलवर चार्जिंगला. उन्हात ताटकळले. बाईसाहेब कारने परस्पर मंडईत हजर!
हर्षा सांगते, तलावाच्या चित्रापुढून त्या हलेचनात. म्हणाल्या, हे मला हवंच, ती सांगेल तो भाव. सहा वर्षांत सुनेने माझं शब्दशः पहिल्यांदा ऐकलं, ते नेमकं आज. म्हणाली, सगळी विकली. रिताचे डोळे भरून आले म्हणे. म्हणाली, नववीतलं बक्षीस खरं हिचंच होतं.
मग आनंदाबाईचे उरलेसुरले पोपट उचलले आणि गेली. दिवसाउजेडी नागपूर गाठायचं होतं तिला.
हर्षाला विचारलं, तुला अक्कल नाही? म्हणाली, आई, तुम्हीच म्हणाल्या होत्या.

११ नोव्हेंबर
आनंदाबाईने रिकामी टोपली उचलली आणि माझ्याकडे पाहून हसली. आम्ही ऑटोत सहा चित्रं घातली. ऑटोवाला म्हणाला, काय काकू, सारंच वापस?
घरी टिकल्या काढल्या. पाच नीट निघाल्या. तलावाची रंगासकट आली. पाण्यात मधोमध टिकलीएवढं पांढरं भोक. हर्षा म्हणते, चंद्र वाटतो. तलावावर मी भर दुपार रंगवली आहे.
रिताचा मेसेज: तलाव कोणी घेतला? नंबर दे, दुप्पट देते.
कळवलं, बायर विकायला तयार नाही.
सहाही पलंगाखाली सरकवली. लगेच दुसरा मेसेज: मग पुढच्या रविवारी तुझ्या घरी येते. तुझ्याजवळ काही उरलं असेलच.