आशीर्वादाचा रफार

मी, शिमोन कडुबा अमोलिक, वय वर्षे ५७, धंदा दगडावर अक्षरं कोरणे, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, रेघी कागदावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेलं नाही. फक्त आवाज नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, भोकात नळी आहे, श्वास तिथून चालतो. बोलायचं असलं की पाटीवर लिहितो. आता दुखणं फुफ्फुसात उतरलं आहे. किती महिने ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, माझी पत्नी संध्या हिला बाहेर बोलावून सांगितलं. ती तोंड धुऊन आत आली, तेव्हा मला कळलं.

शिक्षण सातवी. पुढचं सगळं स्वतः मिळवलेलं. शुद्धलेखनाचे नियम मला पाठ आहेत. उर्दू अक्षर शहागंजातले माझ्याच धंद्यातले शेजारी दुकानदार मुबारकभाई यांच्याकडून उचललं. ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध, हिंदू, सगळ्यांच्या दगडांवर या शहरात माझा हात आहे. लग्नपत्रिकेत चूक सापडली की तांबड्या पेनानं दुरुस्त करून मी ती यजमानाला परत देतो, हे सर्वांना माहीत आहे. लोकांना ते आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

वडिलांच्या नावाबद्दल एक खुलासा. आजीची लेकरं जगत नव्हती, म्हणून मरणाला पोर गोड लागू नये यासाठी तिनं नाव कडुबा ठेवलं. पुढं आमचं घर ख्रिस्ती झालं, आणि मी मोठेपणी या प्रकाराला अडाणीपणा म्हणायचो. मी स्वतः काय केलं ते कलम ५ मध्ये येईल.

कलम १. छावणीतलं दोन खोल्यांचं घर, वरची टाकी, जिन्याखालची जागा आणि घरातली सर्व चीजवस्तू संध्याला. तिच्या हयातीत कोणी वाटा मागू नये.

कलम २. शहागंजातलं दुकान. हे मी मुबारकभाईंच्या नावे करणार होतो. पण दुकान भाड्याचं आहे. वकील विशाखाताई कागद वाचून म्हणाल्या, "काका, जे आपल्या मालकीचं नाही, ते मृत्युपत्रात कुणाला देता येत नाही." हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. ते वाक्य मी पाटीवर उतरवून घेतलं आणि दोन दिवस पुसलं नाही. संध्यानं विचारलं, "अहो, एवढं काय बघताय त्यात?" ते कलम ७ मध्ये लिहितो.

मग मुबारकभाईंना माझा काटकोन बघायचा पितळी गुण्या देऊ केला. ते म्हणाले, "मेरे को कुछ नको, शिमोन भाई. लेनेवाला गवाह नहीं हो सकता, वकील बाई बोली ना? मेरे को गवाहच रख." म्हणून त्यांना काही नाही. या कागदावर सगळ्यात कमी त्यांना दिलंय, आणि सगळ्यात जास्त त्यांनी मला शिकवलंय, याची नोंद असावी.

कलम ३. छिन्न्या एकूण तेवीस, हातोड्या चार, पितळी गुण्या एक, ब्रश आणि शाईच्या बाटल्या. हे सर्व माझी एकुलती एक मुलगी मेघा हिला. चितेगावला तिचं कोरीवकामाचं मशीन आहे, तिला यांची गरज नाही. पण काना आणि मात्रा जिथं मिळतात त्या कोपऱ्यात मशीनचं टोक गोल फिरतं, धार येत नाही. तिथं बारा नंबरची छिन्नी लावावी. हे मी तिला तोंडानं कधी सांगितलं नाही.

कलम ४. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीतले नानासाहेब यांना मी काहीही देत नाही. माझ्या दफनविधीला त्यांनी यावं, पुढच्या बाकावर बसावं, पण बोलू नये. बोललेच तर दोन मिनिटं, आणि पाटीचा विषय काढू नये. कोणती पाटी, ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. विशाखाताई म्हणतात वगळा. मी वगळत नाही.

मेघा अकरा महिन्यांची असताना तिला ताप चढला. तिसऱ्या दिवशी डोळे फिरले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, औषधांच्या खोक्यांशेजारी, मी गुडघे टेकले आणि देवाला म्हणालो: ही वाचव, ही तुझी. मोठी झाली की तुझ्या सेवेला देईन. संध्याकाळी ताप उतरला. तिनं बिस्किट मागितलं.

त्या दिवसापासून मी आज्ञेत राहिलो. रविवारी छिन्नी धरली नाही. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. जो आज्ञा पाळतो त्याच्यावर आशीर्वाद येतो, हे मी दगडावर इतक्यांदा कोरलंय की डोळे मिटून ओळ सरळ येते. पोरीला दर वाढदिवसाला सांगायचो, "तू माझी नाहीस, देवाची आहेस." ती केक कापता कापता मान हलवायची.

अठराव्या वर्षी तिला मंडळीच्या सेविका तयार करणाऱ्या शाळेत घातलं. क्रांती चौकातून मीच बसमध्ये बसवून दिलं. अकरा दिवसांनी ती पेटी घेऊन परत दारात.

"काय झालं? कोणी बोललं का तुला?"

"नाय पप्पा, माणसं लई चांगली होती. पण मला देवानं नाय बोलावलं. तुम्ही पाठवलं."

"तुला कसं कळलं?"

"अकरा दिवस कान देऊन बसले होते ना. एकच आवाज यायचा. तुमचा."

मी दुकानात जाऊन बसलो. मुबारकभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश धुतला आणि ते म्हणाले, "मन्नत तू माना, पूरी बच्ची करना? बकरा है क्या वो?" त्यानंतर मी त्यांच्याशी दीड महिना बोललो नाही. दोन दुकानांमध्ये एकच भिंत. त्यांची ठकठक मला ऐकू यायची, माझी त्यांना.

मेघा चितेगावच्या एका कंपनीत लागली, कोरीवकामाचं मशीन शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी तिथंच स्वतःची शेड घेतली. उद्घाटनाला चर्चच्या पाळक साहेबांनी प्रार्थना केली. मग आमच्या रीतीप्रमाणे बापानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद बोलायचा असतो. ती ओढणी सावरून पुढं येऊन वाकली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "देवाला दिलेलं वचन मोडून उघडलेल्या या दाराला माझ्या तोंडून आशीर्वाद निघणार नाही."

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "बरं पप्पा. नाश्ता करून घ्या, उपमा गार होतोय."

कलम ६. पाटी. वीस वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हा घराचं नाव मी स्वतः संगमरवरात कोरलं आणि दाराशेजारी सिमेंटात बसवलं. मेघा चौथीत होती. शाळेतून आली, दप्तर न उतरवता वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, रफार चुकला." मी 'आर्शीवाद' कोरलं होतं. रफार वा वर हवा, तो शी वर पडला होता. अख्ख्या शहराच्या चुका काढणारा मी! मी तिला म्हणालो, "जुन्या पुस्तकांत असंच असतं." ते खोटं होतं. ती पाटी मी बदलली नाही. नानासाहेब येता-जाता म्हणायचे, "अमोलिकांच्या घरी आशीर्वाद आहे, पण जागेवर नाही."

शेडच्या उद्घाटनाला मेघानं मशीनवर पहिली वस्तू काढली ती हीच पाटी, आमच्या घरासाठी, काळ्या ग्रॅनाइटमध्ये, रफार बरोबर. कापडात गुंडाळून तिनं ती माझ्या हातात दिली. कापड बाजूला केलं तेव्हा माझ्या मागं नानासाहेब हसले. मला वाटलं, पोरीनं चारचौघांत माझी चूक काढली. कलम ५ मधलं ते वाक्य मी बोललो ते त्यानंतर. म्हणजे त्यात देवाची आज्ञा किती आणि माझा रफार किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. येताना रिक्षात संध्या एवढंच म्हणाली, "अहो, पोरीनं पाटी दिली होती. दगड नव्हता मारला."

नवी पाटी कॉटखाली आहे. मागच्या महिन्यात जुनी काढायला गेलो. मीच भरलेलं सिमेंट. चार ठोक्यांत मला दम लागला, नळीतून शिटी वाजायला लागली, आणि पाटी जागची हलली नाही. ती मेघानं काढावी. फोडू नये. उलटी करून जिन्याची पायरी करावी.

कलम ७. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काही बोलायचं असेल तर आज बोलून घ्या." मेघा चार ते सहा माझ्याजवळ बसली होती. मी विचारलं, टाकी भरली का. शेडला कुलूप लावलं का. जिन्याचा दिवा बदलला का. दोन तास. आवाज होता, माणूस समोर होतं, आणि मला ते बोलता आलं नाही. अभिमान होताच. पण त्याखाली भीती होती, ती मी कोणाला सांगितलेली नाही: मी तिला वचनातून मोकळं केलं, आणि देवानं पोर परत मागितली तर?

पाळक साहेबांना पाटीवर लिहून विचारलं, एकानं दुसऱ्याच्या वतीनं बोललेलं वचन सुटतं का. ते वाचून म्हणाले, "अवघड आहे, भाऊ. प्रार्थना करू." शास्त्रात आंधळ्या म्हाताऱ्या बापाची गोष्ट आहे. आशीर्वाद एकदा तोंडातून गेला, तो त्याला परत घेता आला नाही. पण जो गेलाच नाही आणि मग तोंडच गेलं, त्याचं काय, ते मला कुठं सापडलं नाही. देवाला रोज विचारतो. तो काही बोलत नाही. आता मीही बोलत नाही.

मेघा रोज सकाळी सात वाजता येते. शेडवर जायच्या आधी माझी नळी काढते, धुते, बसवते. तेव्हा तिचं डोकं माझ्या हातापासून वीतभर असतं. माझा हात चादरीवरून उठतो आणि परत खाली जातो. ती म्हणते, "दुखलं का पप्पा? झालं, झालं." आज्ञा मोडणारी ही, आणि रोज वेळेवर येणारीही हीच.

विशाखाताईंचं ते वाक्य मी दोन दिवस का बघत होतो, ते लिहितो. पोर माझ्या मालकीची नव्हती, ती मी दिली. आशीर्वाद देवाचा, तो मी अडवून धरला. यातलं माझं काहीच नव्हतं.

तेव्हा माझी मुलगी मेघा हिला, तिच्या शेडला, तिच्या मशीनला आणि तिच्या पुढच्या सर्व दिवसांना मी आशीर्वाद देतो, कोणतीही अट न घालता, कायमचा. विशाखाताई म्हणाल्या, "काका, आशीर्वाद ही स्थावर नाही, जंगमही नाही. आणि मृत्युपत्र तुमच्या मागं लागू होतं. तोवर तिनं काय करायचं?" मी पाटीवर लिहिलं: माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

कलम ८. माझा दगड मेघानं मशीनवर काढावा. नाव, दोन तारखा. शास्त्रातलं वचन नको. मजकूर मुबारकभाईंना आधी वाचून दाखवावा.

ठिकाण: छावणी, छत्रपती संभाजीनगर. सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेसात. रविवारी लिहून झालं होतं, पण रविवारी मी कामाची सही करत नाही.

सही: शिमोन कडुबा अमोलिक

आमच्या दोघांच्या समोर सही झाली. आम्हाला या कागदानं काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: मुबारक, दुकान शहागंज
साक्षीदार २: विशाखा, वकील

खाडाखोडीची नोंद: कलम ७ मध्ये, "आशीर्वाद देतो" या जागी, एक शब्द दुरुस्त केला आहे. सही करण्याआधी मेघा नळी धुऊन बसवायला वाकली. तिची नजर कागदावर गेली आणि ती हळूच म्हणाली, "पप्पा, रफार." शी वर पडला होता. तो वा वर नेला. ती घेणारी, म्हणून विशाखाताईंनी तिला सहीच्या वेळी जिन्यात जाऊन उभं राहायला सांगितलं होतं. ती गेली नाही, कारण मी जाऊ दिलं नाही. ही दुरुस्ती आणि वरची सही वेडीवाकडी दिसते, तरी ती माझीच आहे, कोणी शंका घेऊ नये. दोन्ही डाव्या हातानं केल्या आहेत. उजवा हात त्या वेळी तिच्या डोक्यावर होता, आणि तो मी उचलला नाही.