बॉनेटवरचे गोल डाग

बदलापूर, रविवार संध्याकाळ, एप्रिल १९९३

आजही बॉनेटवर ते गोल डाग! परवाच घाम गाळून गाडीला वॅक्स पॉलिश केलं, मग हे आले कुठून? उल्हासनगरच्या दुकानदाराने नकली डबा माझ्या गळ्यात मारला असणार.

"अहो, तो फसवतोच सगळ्यांना," आमच्या सौ. लगेच म्हणाल्या. एरवी हिला गाडीचं एवढं कुठे पडलेलं असतं?

जेवताना हिने नवे उडदाचे पापड भाजले. पहिल्याच तुकड्याला थांबलो. च्यायला, पॉलिशचा वास! की मलाच भास होतोय? पण डागही नेमके पापडाएवढेच.

"कुठे वाळत घातले होतेस गं?"

"गच्चीवर," ती गॅसकडे बघत म्हणाली.

पोरं चढतात म्हणून गच्चीला मीच कुलूप घातलंय. किल्ली माझ्याच खिशात आहे.