दोन आसनांच्या स्वनिर्मित मोटारीच्या उत्तराधिकाराविषयी

मी, चंद्रप्रकाश अनंत तिरोडकर, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय कारखान्यात आरेखक, राहणार अंधेरी पश्चिम, देहाने धडधाकट व बुद्धीने सावध असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्या बुद्धीविषयी शंका बाळगणाऱ्या आप्तांचा परामर्श कलम तीनमध्ये घेतला आहे. मरणाची घाई नाही. परंतु ज्या मोटारीतून मी हिंडतो ती मीच बनवलेली असल्यामुळे दूरदर्शित्व इष्ट वाटते.

१. राहती सदनिका, बँकेतील ठेवी व भविष्यनिर्वाह निधी माझी पत्नी सौ. वनमाला हिला मिळावा. मोटारीचा कार्बुरेटर तिने जेवणाच्या टेबलावर दीर्घकाळ सोसला. "अहो, हे उचलता, की ह्याचीच आमटी करू?" एवढाच प्रश्न तिने विचारला. मी तत्काळ उचलला.

२. पाने, पकडी, हातोडे व जॅक ही आयुधे मुळात माझे मित्र श्री. हेन्री बॅप्टिस्ट, राहणार आंबोली, ह्यांचीच आहेत. ती त्यांना परत करावीत. ह्यास दान समजू नये.

३. मुलुंडनिवासी चुलतबंधू जयवंत ह्याने सर्व नातलगांसमक्ष "चंदूची गाडी रस्त्यावर आली तर मिशी उतरवीन" अशी प्रतिज्ञा केली होती. गाडी रस्त्यावर आली. मिशी अद्याप स्वस्थानी विराजमान आहे. त्यास माझा दाढीचा वस्तरा, साबणाच्या वाटीसह, द्यावा.

४. आता मुख्य मालमत्ता. सदर मोटार हेन्रीच्या अंगणात सिद्ध झाली. आराखडे माझे, हात त्याचे. फायबरचे कवच खारदांड्याला होड्या ओतणाऱ्या कारागिराने ओतले. इंजिन, गिअरबॉक्स व मागचा आस भंगारातल्या एका वृद्ध मोटारीचे. नोंदणीपूर्वी वाहनाने सार्वजनिक मार्गावर स्वबळाने एक वीतही चालू नये, हा माझा कायदेनिष्ठ आग्रह. म्हणून आम्ही ते विटांवर चढवून इंजिन सुरू केले. मागची चाके गरगर फिरली. हेन्रीची पत्नी सेराफिना हिने टाळ्या वाजवल्या, मी दोन शब्द बोललो. चाके कोणत्या दिशेने फिरतात हे पाहण्याचे भान त्या मंगल क्षणी कोणासही नव्हते.

टेंपोला दोरीने बांधून मोटार तपासणीस नेली. हेन्री चालकाच्या आसनावर, मी शेजारी कागदपत्रांसह.

"गाडी पुढे घ्या," निरीक्षक म्हणाले.

"घेतोच आहे, साहेब."

"मग मागे का येतेय?"

मागचा आस आम्ही उलटा बसवला होता. परिणामी आमची मोटार पुढे जाण्यासाठी एक व मागे जाण्यासाठी चार गिअर असलेली होती. निरीक्षक भिंतीला टेकून हसले व त्यांनी आम्हांस नापास केले. हेन्रीने आस सुलटा केला, आणि पुढल्या खेपेस ब्रेक, भोंगा व दिवे ह्यांसह आम्ही उत्तीर्ण झालो.

अर्जात मालकाच्या नावास एकच ओळ होती. "तुझंच टाक रे, तुला सह्यांची हौस," हेन्री म्हणाला. मी टाकले. परिणामी उद्या मी गेलो तर ज्याने ती हातांनी घडवली त्याचा तिच्या एका खिळ्यावरही हक्क राहणार नाही. म्हणून माझ्या पश्चात सदर मोटार संपूर्णतः श्री. हेन्री बॅप्टिस्ट ह्यांस मिळावी.

५. वरील कलमे आज मी हेन्रीच्या पडवीत सस्वर वाचून दाखवली. अश्रूंची अपेक्षा होती.

"येडा झालास काय?" हेन्री म्हणाला. "म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? उद्या तुला साधं 'तब्येत कशी?' विचारलं, तरी तुला वाटणार, हा गाडीसाठी विचारतो."

"अरे, तसं नाही रे…"

"द्यायची तर आत्ता दे. नाय तर राहू दे. मेल्यावर काय, जयवंतपण देईल."

मी सोबत आलेल्या वनमालेकडे पाहिले. ती म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. पिशवीत कोरा अर्ज आहे ना? काढा."

होता. परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या घातलेल्या मनुष्याकडे तो असतोच. मरणोत्तर औदार्य मला सहज जमले होते. जिवंतपणीचे जड गेले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मी चहा दोनदा मागितला. नंतर हस्तांतराच्या अर्जावर सही केली. अर्ज उद्या दाखल होईल.

सबब, कलम चार निरर्थक ठरून रद्द समजावे. जे माझे नाही ते मी कोणास देऊ शकत नाही. वकिलांच्या मते लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये. श्री. बॅप्टिस्ट आता लाभार्थी उरलेले नसल्याने साक्षीस पूर्णतः पात्र आहेत. सह्या आटोपताच ते मला त्यांच्या मोटारीतून जुहूपर्यंत फिरवून आणणार आहेत.

लिहून देणार: चंद्रप्रकाश अनंत तिरोडकर

साक्षीदार:
हेन्री पास्कल बॅप्टिस्ट
सेराफिना हेन्री बॅप्टिस्ट

स्थळ: आंबोली, अंधेरी पश्चिम, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६, रविवार