प्लग ओढून पाहिलात?

काचो, आज योकोहामाच्या ऑफिसात नव्या डेटाबेस सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची ते ठरलं. लिनक्सच. तुम्ही विभागप्रमुख, म्हणून सगळे तुम्हाला काचो म्हणायचे. आता त्या खुर्चीत मी बसते, आणि कुणी काचो म्हणून हाक मारली की अजून तुम्हालाच शोधते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

तेव्हा मी पुण्याहून नवीनच आले होते. जुनी युनिक्स काढून लिनक्स घालू या, हा हट्ट माझा. तुम्ही माझा प्रस्ताव तीनदा वाचता, मंजुरीचा शिक्का हातात धरता आणि हळूच विचारता, "चालू सर्व्हरचा प्लग ओढून पाहिलात? वीज आल्यावर डेटाबेस धड उभा राहतो का, स्वतः पाहिलंत?" मी म्हणते, "हो, पाहिलं." कसलं पाहिलं, डोंबल. नुसतं मॅन्युअल वाचलं होतं. तपासणीत आणखी आठवडा गेला असता, आणि मला मिरवायची घाई. तुम्ही शिक्का मारलात. दुपारी तुमच्या डब्यातली भाजीही दिलीत, तिच्यात मासा नाही हे दोनदा सांगून.

तीन महिन्यांनी ग्राहकाकडे वीज गेली आणि डेटाबेस उठलाच नाही. सकाळभराच्या ऑर्डरी गेल्या. दोष लिनक्सचा नव्हता. डिस्कवर लिहिण्याची एक सेटिंग मी चुकवली होती. प्लग ओढला असता तर तेव्हाच कळलं असतं. ग्राहकापुढे तुम्ही कमरेत वाकलात, "निर्णय माझा होता" म्हणालात. मी मागे उभी. परतताना ट्रेनमध्ये मला जागा दिलीत आणि स्वतः उभे राहिलात. रागावला असतात तर बरं झालं असतं हो. मग तुमची दूर सेंदाईच्या शाखेत बदली झाली, आणि दोन वर्षांत तिथेच आजारपणात गेलात.

आता मी टीमकडून सात-सात वेळा प्लग ओढून घेते. पोरं हसतात, काचोंना खूळ लागलंय म्हणतात. हसू देत.

तुम्ही गेल्यावर सेंदाईला तुमच्या घरी आले होते. फोटोपुढे उदबत्ती लावली. तुमच्या पत्नींनी चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, त्या मुलीला कुणी बोल लावू नका, तिने स्वतः तपासलं होतं." म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही ते खरं मानलंत. आणि मी, निर्लज्जासारखी, मान हलवून पुन्हा "हो" म्हणाले.

त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे. दर नववर्षाला त्यांचं कार्ड येतं. मला आता जपानी चांगली लिहिता येते. तरी हे मराठीत लिहिलं, कारण मराठी त्यांना वाचता येत नाही.